आपल्यातला बे

चैतराम कापगत्याला गोड बोलता येत नसे. घरी पाहुणा आला तर "या, बसा" म्हणण्याऐवजी तो अंगणातूनच ओरडायचा, "इतक्या दिवसानं तोंड दाखवून राहिला का बे? मेला होता का कोठी?" आणि पाहुणा चपला काढता काढताच विरघळायचा. सबंध हिरडाटोलाच तसा. केशोरी सोडलं, जंगल लागलं, आणि आता रस्ता संपतो की काय असं वाटलं की जे गाव लागतं ते हिरडाटोला. तिथल्या माणसाच्या तोंडचा शब्द आधी टाळक्यात बसतो, मग पोटात जातो. पोटापर्यंत पोचेस्तोवर ज्याला दम धरवत नाही, त्यानं त्या गावात राहू नये.

गावाचा हिशेब सोपा होता. परक्याला 'तुमी', आपल्या माणसाला 'तू', आणि ज्याच्यासाठी जीव टाकावा त्याला 'बे'. बायको तेवढी नवऱ्याला 'तुमी' म्हणते, पण नवरा तरी कुठं आपल्या घरचा असतो, असं सुशीलाबाई म्हणायची. सुशीलाबाई म्हणजे चैतरामची बायको, तोंडानं नवऱ्याहून दोन पावलं पुढे. आणि वैऱ्याशी? वैऱ्याशी हिरडाटोल्यात कुणी भांडत नाही. त्याच्याशी चांगलं बोलतात. चुलतभाऊ दुलीचंदशी चैतरामचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बिनसलं, तेव्हापासून दोघं समोरासमोर आले की "नमस्कार, बरे आहात ना?" "हो, आपली कृपा" असं म्हणून पुढे जात, आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

अशा गावात डॉक्टर प्रफुल्ल आला. पुण्याचा पोरगा, नुकताच शिकून निघालेला, गोरा आणि सडपातळ, चष्म्याआडून सतत क्षमा मागितल्यासारखा बघणारा. गावानं पहिल्याच दिवशी त्याच्या नावातला एक ल खाऊन टाकला आणि त्याचा प्रफुल केला. गावाच्या आरोग्य केंद्राला इमारत होती, पाटी होती, मंजू नावाची सिस्टर होती, पण डॉक्टर टिकत नव्हता. यायचा, मच्छर बघायचा, मोबाइलला धड रेंज नाही हे बघायचा, आणि बदलीच्या मागे लागायचा. हा मात्र राहिला. दवाखान्यामागच्या खोलीत स्वतःच्या हातानं वरणभात रांधून खायचा आणि सकाळी वेळेवर दार उघडायचा.

चैतरामला त्या उघड्या दाराची जेवढी गरज होती तेवढी गावात कुणालाच नव्हती. त्याच्या एकुलत्या एका पोराचं, हिमांशूचं, लग्न झालं होतं आणि सून रिंकूला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला तिचं बीपी असं चढलं की जंगलातल्या रस्त्यावर, भाड्याच्या गाडीतच पोर गेलं आणि ती कशीबशी वाचली. तेव्हापासून रिंकू रस्त्याकडे बघायची नाही. आता पुन्हा पोटात बाळ होतं आणि बीपी पुन्हा वर होतं. प्रफुल डॉक्टर दर आठवड्याला तिला तपासायचा. त्यानं चैतरामला समोर बसवून सांगितलं होतं, "काका, बीपीवर माझी नजर असेल. जरा जरी वाढलं तरी मी त्याच दिवशी पुढे हलवीन, उशीर होऊ देणार नाही. काळजी करू नका." आपल्या घराचा वंश आणि सुनेचा जीव या पोराच्या चष्म्याला टांगलेला आहे, एवढं चैतरामला पक्कं कळलं होतं.

आता त्या पोराचं बोलणं. सुशीलाबाई सुनेबरोबर पहिल्यांदा गेली तेव्हा तो म्हणाला, "आजी, आपण जरा बाहेर थांबलात तर बरं होईल." सुशीलाबाई घरी आली ती रडतच.

"मले बाहेर काहाडलं त्यानं! आन कसं? आपन म्हनून! मी त्याची दुश्मन आहो का जी?"

"शहरातले तसेच बोलतेत," हिमांशू म्हणाला. तो गोंदियाला कॉलेजात शिकला होता, त्याला दुनिया ठाऊक होती.

"मंग शहरातल्याइले घरात ठेवतेत कसे?" तिनं विचारलं.

तरी गावानं त्याला सांभाळून घेतलं. बिचाऱ्याला कुणी बोलायला शिकवलं नाही, एवढंच, असं सगळे म्हणाले. चैतराम त्याला 'साहेब' म्हणत होता आणि 'तुमी' म्हणत होता, म्हणजे हातभर लांब ठेवून होता. मग पावसाळा लागला, धानाच्या लावणीचा रोवणा आला. रिंकूला कुणी धानाच्या बांधीत जा म्हटलं नव्हतं, पण घरात बसवेना म्हणून ती धुऱ्यावर येऊन पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या देत होती. अचानक म्हणाली, "मामाजी, मले अंधारी येऊन राहिली," आणि तिथंच खाली बसली. कुणीतरी दवाखान्याकडे धावलं. डॉक्टर फटफटीवरून आला, फटफटी चिखलात रुतली तशी ती तिथंच टाकून पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर न करता धावत आला. त्यानं सुई दिली, ओल्या धुऱ्यावर मांडी घालून बसला आणि बीपी खाली येईस्तोवर रिंकूचं मनगट सोडलं नाही. ती नीट बोलू लागली तेव्हा त्याचा चष्मा चिखलानं भरला होता.

चैतरामला भरून आलं. त्यानं डॉक्टरच्या पाठीत एक दणदणीत धपाटा घातला आणि म्हणाला, "तू तं माहा पोट्टाच निघाला बे!"

बांधीतल्या बायका हसल्या, दोघीतिघींनी डोळे पुसले. डॉक्टर पाठ चोळत किंचित मागे सरकला. "ठीक आहे, ठीक आहे," म्हणाला आणि बॅग उचलून निघाला. चैतरामला वाटलं, पोरगा लाजला. तो लाजला नव्हता. त्याच्या गावी रस्त्यात गाडी घासली की लोक 'काय बे' म्हणतात आणि मग कॉलर धरतात. पण हे हिरडाटोल्याला कोण सांगणार? आपल्या घरातल्या देवाला दुसऱ्या मुलखात दगड म्हणतात, हे घरात बसून कुणाला कळत नाही.

त्या दिवसापासून डॉक्टर चैतरामचा 'बे' झाला. "जेवला का बे?" "काऊन वाळून राहिला बे, पुन्याले गेला तं तुही माय मले जोडे मारंल ना." रस्त्यात, दवाखान्यात, चारचौघांत. डॉक्टर अधिकाधिक मऊ बोलू लागला, कारण समोरचा चिडला की आवाज खाली आणावा, असं त्याला शिकवलेलं होतं. आणि तो जितका मऊ बोले तितकं चैतरामला वाटे की पोरगा आपल्यापासून लांब चालला, म्हणून तो आणखी जोरात बोले. दोघंही एकमेकांना मनवत होते आणि दोघांनाही ते कळत नव्हतं.

दिवाळी आली. डॉक्टरनं सुट्टी घेतली, भाऊबीज करून परत येतो म्हणाला. रिंकूला आठवा लागलेला. याआधीचे सगळे डॉक्टर असेच सणाला घरी गेले होते आणि सण संपला तरी आले नव्हते. सकाळच्या एसटीवर अर्धं गाव त्याला पोचवायला आलं. सुशीलाबाईनं करंज्यांचा डबा दिला. चैतरामला सांगायचं होतं की बाबा रे, तू परत ये, तुझ्याशिवाय आमचं कुणी नाही, माझी सून मरून जाईल. हे असंच्या असं तोंडानं म्हणणं म्हणजे अपशकुन, आणि भीक मागणं वेगळंच. म्हणून त्याच्या मुलखात जसं म्हणतात तसं तो म्हणाला.

"चालला ना बे? जा. पन कान खोलून आयक. माह्या सुनेची तारीख जवर आली आहे. वापस नाही आला ना, तं पुन्यात येऊन तंगडी तोडीन तुही. कोठीही लपला तं सोडत नाही तुले!"

"आमी बी येऊ चैतरामभाऊ, दोर घेऊन!" ओमेश नावाचा शेजारी मागून ओरडला. हशा पिकला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. इतकं प्रेम त्या एसटी थांब्यानं कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टर हसला, पण त्याचे ओठच तेवढे हसले. तो खिडकीशी बसला, खिडकीची काच लावून घेतली, आणि गाडी हलली तरी त्यानं बाहेर बघितलं नाही. चैतराम मात्र घरी आला तो हलका होऊन. मनातलं सगळं बोलून टाकलं होतं. आता पोरगा येणार. इतकं म्हटल्यावर कोण येणार नाही?

भाऊबीज झाली. मंडईची जत्रा झाली, गावोगावची नाटकं झाली. दवाखान्याला कुलूप तसंच. शेवटी मंजू सिस्टर चैतरामच्या अंगणात आली. ती गोंदियाची, हिंदीत वाढलेली, तिचं बोलणं अर्धं इकडे, अर्धं तिकडे.

"काका, सच बोलना. आपने डॉक्टर को धमकी दी क्या?"

"मी? कोनत्या डॉक्टरले?"

"प्रफुल सर को. ते तालुक्याला, अर्जुनीला आले आहेत, वरच्या साहेबांकडे. बदली मागून राहिले. म्हणते, तिथं माझ्या जिवाला धोका आहे. आपका नाम लिया."

चैतरामला आधी हसू आलं. मग तो खाटेवर बसला. धमकी म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. दुलीचंद 'नमस्कार' म्हणतो ती धमकी. आपण काय म्हणालो? आपण तर त्याला लेक म्हणालो. तो पुन्हा पुन्हा आठवून बघू लागला आणि स्वतःच्या तोंडचे शब्द त्याला ओळखीचेच वाटले, घरातल्या लोट्या-परातीसारखे. त्यात कुणाला लागेल असं काय होतं, हे त्याला शोधूनही सापडेना.

"रुसला तो," सुशीलाबाईनं निकाल दिला. "आपन त्याच्यासंगं कोनी गेलो नाही ना पुन्याले पोचवाले, म्हनून रुसला. त्याले मनवून आना."

आणि इथं गावानं ती चूक केली जी दुसऱ्या कुठल्या गावानं केली नसती. त्या भागात सून रुसून माहेरी बसली की तिला आणायला एकटा नवरा जात नाही. एकटा गेला तर ती म्हणते, माझी किंमत एवढीच? गाडी भरून माणसं न्यावी लागतात. तिच्या बापाच्या दारात उभं राहून तिला भरपेट शिव्या द्याव्या लागतात, की रांडे, तुझ्यावाचून घर ओस पडलं, चूल पेटत नाही, चल नाहीतर उचलून नेतो. जितका गलका मोठा, तितका सुनेचा मान मोठा. ती रडते, चार शब्द उलट ऐकवते आणि गाठोडं घेऊन गाडीत बसते. कित्येक संसार या शिव्यांवर उभे आहेत.

तर गाव ट्रॅक्टर भरून अर्जुनीला निघालं. ट्रॉलीत बाया, बाप्ये, आणि डॉक्टरसाठी नव्या तांदळाचं एक पोतं, दोरानं बांधलेलं. रिंकूला घरी ठेवलं होतं. निघताना ती सासऱ्याला एवढंच म्हणाली, "मामाजी, आनाच त्याइले."

वाटेत हिमांशू बापाला पढवत होता. "बाबा, तू तिथी त्याले तुमी म्हन. साहेब म्हन. तंगडी अजिबात काहाडू नको. बे तं नावच घेऊ नको."

"तुमी म्हनलं तं त्याले वाटंल ना, आपन त्याले परका केलं."

"पुन्याकडे उलटं रायते बाबा. तिकडे तुमी म्हनजे आपलं."

"अशा उलट्या मुलुखात मानूस जगते कसा?" चैतराम म्हणाला, पण वाटभर तो पुटपुटत राहिला, साहेब, तुमी, साहेब, तुमी.

साहेबांच्या कार्यालयाच्या आवारात ट्रॅक्टर शिरला तेव्हा डॉक्टर व्हरांड्यातच उभा होता. गावानं त्याला बघितलं आणि एकच गिल्ला केला. चैतराम पुढे झाला. त्यानं हात जोडले. "साहेब," तो म्हणाला, "तुमी... तुमाले..." आणि पुढचे शब्द येईनात. दुलीचंदशी बोलल्यासारखं त्याला वाटू लागलं. ज्याच्या हातात आपल्या सुनेचं मनगट होतं त्याच्याशी हे असलं बोलणं?

डॉक्टरचा आवाज कापत होता, पण शब्द जागच्या जागी होते. "हे बघा, माझा आपल्यावर कुठलाही राग नाही. परंतु आपण सर्वांनी कृपया इथून निघावं."

कृपया निघावं! चैतरामचं काळीज फाटलं. पोरानं मनाचं दार लावून घेतलं होतं. त्यानं जोडलेले हात सोडले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि हिमांशूनं पढवलेलं सगळं त्या पाण्यात गेलं.

"कायचा निघतो बे! तुले घेतल्याशिवाय आमी इथून हालत नाही! मुकाट्यानं चालते का उचलून नेऊ तुले?"

गाव याचीच वाट बघत होतं. बायकांनी सुरू केलं. सुशीलाबाई कमरेवर हात देऊन पुढे आली, "मेल्या, पोट भरून जेवू घातलं ते कोठी गेलं रे? माही सून मेली तं तुले सुखानं झोप येईल का रे?" ओमेशला थांब्यावरची आपली गंमत आठवली. त्यानं पोत्याचा दोर सोडला आणि डोक्यावर फिरवून दाखवला. "दोर आनला बे डॉक्टर! आता कोठी पळशीन?"

कुणालाच उमगलं नाही की व्हरांड्यातली माणसं हसत नाहीत. कार्यालयातल्या लोकांनी डॉक्टरला आत ओढलं, दाराला कडी घातली. खिडक्यांमधून मोबाइल वर झाले. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी आली, तेव्हासुद्धा गावाला वाटलं की चला, मोठी माणसं आली, आता समेट होईल.

ठाण्यात टेकचंद नावाचे जमादार होते. याच झाडीपट्टीतले, साकोलीकडचे. त्यांनी मोबाइलमधलं सगळं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"चैतरामभाऊ, मले समजते तुमी काय म्हनून राहिले ते. माहा बाप बी असाच बोले. पन तक्रारीत तुमच्या डोऱ्यातलं पानी नाही येत, आवाज नाही येत. उचलून नेऊ, तंगडी तोडीन, दोर. एवढंच येते. डॉक्टरच्या अंगावर जानं, हा मोठा गुन्हा आहे आता."

"मी अंगावर गेलोच नाही. मी त्याले घराले न्याले आलतो."

"त्या डॉक्टरच्या दोस्ताचं डोस्कं फोडलं होतं पेशंटच्या मानसाईनं, दवाखान्यात. त्याच्या डोऱ्यासमोर. तिथी बी सुरुवात अशीच झाली होती, सोडत नाही तुले म्हनून."

हे चैतरामला कुणी सांगितलं नव्हतं. चिखलात धावत आलेला तो पोरगा आपल्याला भीत होता, पाठीत धपाटा बसला तेव्हापासून भीत होता, हे त्याच्या आता ध्यानात आलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मले एक डाव भेटू द्या त्याले," तो म्हणाला. "मी काहीच बोलत नाही. नुसते पाय धरतो."

"आता भेटाले गेला तं आनखी एक कलम लागंल," जमादार म्हणाले. त्यांनी चहा मागवला. तो कुणी प्यायला नाही.

गुन्हा दाखल झाला. चैतराम आणि ओमेश जामिनावर सुटले. डॉक्टरची बदली झाली. आणि तो दोर फिरवतानाचा व्हिडिओ कुठं कुठं फिरला देव जाणे, त्या जागी यायला दुसरा कुणी डॉक्टर तयार होईना. हिरडाटोला म्हणजे डॉक्टरला बांधून नेणारं गाव, अशी ख्याती झाली. चांगलं नाव व्हायला पिढ्या जातात, वाईटाला एक खिडकी पुरते. गाव शहाणं झालं. लोक दवाखान्यासमोरून जाताना आवाज खाली आणू लागले, जणू आत कुणी असावं.

मंजू सिस्टर जमेल तेव्हा येऊन रिंकूचं बीपी बघायची, पण तिच्याकडे आणखी गावं होती. हिमांशू बायकोला तालुक्याला दाखवून आणायचा. जाताना रिंकू जंगलभर डोळे मिटून बसायची. सगळं ठीक होतं. मग धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू असताना एका दुपारी ती खळ्यावर पाणी घेऊन आली आणि सुशीलाबाईला म्हणाली, "मायजी, डोकं फुटून राहिलं." हातातली बादली खाली ठेवायच्या आत तिला आकडीचा झटका आला. गाडी मिळेस्तोवर दुसरा. तालुक्याच्या डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं आणि पुढे मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाले. पुढे पुन्हा रस्ता, पुन्हा जंगल. चैतरामच्या मांडीवर सुनेचं डोकं होतं. तो सारखा ओरडत होता, "डोरे उघड वं पोट्टी! मरशीन तं पाह्य, सोडत नाही तुले!" तिनं डोळे उघडले नाहीत. ती गेली आणि बाळही तिच्या पोटातच गेलं.

तेरवी झाल्यावर एका सकाळी चैतरामचा फोन वाजला. डॉक्टर होता. मंजू सिस्टरकडून त्याला कळलं होतं. तो रडू लागला.

"काका, मी तिथं असतो तर... मला कळलंच नाही काका. सिस्टरनं मला नंतर सगळं समजावून सांगितलं. मला काहीही बोला. शिव्या द्या. तुम्ही बोलायचात तसं बोला."

ओसरीवर सुशीलाबाई बसली होती, तिनं श्वास धरला. हिमांशू आत ताट पुढ्यात घेऊन बसला होता, त्याचा हात थांबला. चैतरामनं अंगणाकडे बघितलं. रागानं बोलायला राग हवा, मायेनं बोलायला माया हवी. त्यानं आत चाचपून पाहिलं, दोन्हीतलं काही हाताला लागलं नाही.

"नाही साहेब," तो म्हणाला. "आपली काही चूक नाही. आपण बरे आहात ना? आपण तब्येतीला जपा. नमस्कार करतो."

"काका, तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात," डॉक्टर हुंदका देत म्हणाला. "तुमच्या या बोलण्यानं माझ्या मनावरचं ओझं उतरलं." आणि त्यानं खरोखरच समाधानानं फोन ठेवला.

सुशीलाबाई तोंडात पदर कोंबून रडू लागली. बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीला नवऱ्याचा मोठेपणा बघून भरून आलं.

चैतराम उठून आत आला. पोराच्या ताटातला भात तसाच होता. आठवडाभर तो तसाच असायचा, हिमांशू दोन घास कालवून हात धुवायचा. एरवी बापानं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या, भुकेनं मरतो का बे म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. चैतराम त्याच्यासमोर उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी जेवून घ्या."

हिमांशूनं मान वर केली. बापाला हे असं बोलायला त्यानंच ट्रॅक्टरवर शिकवलं होतं.

"बाबा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला. "मले शिवी दे ना. एक डाव बे म्हन ना मले."

चैतरामनं तोंड उघडलं. मग त्यानं पोराच्या पाण्याच्या गडव्यात पाणी भरलं, तो ताटाजवळ सरकवला आणि न बोलता बाहेर गेला.